घरचा हिशेब पोरांना सांगा

आज रात्री जेवताना मुलाला किंवा मुलीला एवढंच विचारून बघा: आपल्या घरात वर्षाला पैसे येतात किती? बारावीला नव्वद टक्के मिळवणारं लेकरूही इथे अडखळतं. कपाशी किती क्विंटल झाली हे त्याला ठाऊक असतं, कारण वेचणीला तेही होतं. पण व्यापाऱ्याने भाव काय दिला, सोसायटीचं किती फेडलं, आत्याच्या लग्नाची उसनवारी अजून डोक्यावर आहे का, हे आपण त्याच्या कानावर पडू दिलेलं नसतं. 'तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू.' मायेनेच म्हणतो आपण. पण शिष्यवृत्तीचा अर्ज नेमकं हेच विचारतो, आणि तो भरायला बसतं ते लेकरू.

जळगाव-धुळ्याकडच्या मुलांचे अर्ज माझ्याकडे वाचायला येतात. खासगी संस्थांच्या अर्जात स्वतःबद्दल लिहायला जागा असते. तिथे बहुतेकांचं सारखंच: माझी परिस्थिती हलाखीची आहे, वडील शेतकरी आहेत, तरी मदत मिळावी ही नम्र विनंती. यात खोटं काही नाही, पण तो मुलगाही कुठे नाही. यावलकडच्या एका मुलीचा अर्ज मात्र लक्षात राहिला. कापणीवर आलेली केळी वादळात आडवी झाली, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याबरोबर झाडं मोजत तीच फिरली होती. किती खोडं पडली, रोपांची उधारी किती होती, ती फेडायला वडिलांनी दोन हंगामांचा बेत कसा आखला, सगळं आकड्यांसकट. गरीब हा शब्द तिने एकदाही वापरला नव्हता. तिला हे लिहिता आलं, कारण वडील तिला समोर बसवून हिशेब करत होते. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५पासून खेड्यांतल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय करते आहे. अशा ठिकाणी मुलाखतही असते. पाठ केलेलं तिथे दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. म्हणून निबंध मोठ्या भावाकडून किंवा मोबाइलवरून लिहून घेऊ नका. मुलाचं व्याकरण थोडं चुकलं तरी चालेल.

घरचं सांगायला आपण कचरतो, त्यामागे लाज असते. 'लोकांपुढे हात पसरायचे?' असं बरेच आबा-नाना म्हणतात. त्यांना ही गोष्ट सांगा. धुळ्याला लागूनच असलेल्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे सयाजीराव बडोद्याच्या गादीवर बसले आणि त्यांनी १९१३मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा रीतसर करार झाला होता. यात भीक कुठे आली? सरकारी योजना तर आपल्याच करातून चालतात.

आता कागद. 'आमले काय समजस त्यामा,' म्हणून आपण सगळं सायबर कॅफेवाल्यावर सोपवतो आणि तिथेच फसतो. अर्जाला मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा, पासवर्ड त्याच्याच वहीत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा अर्ज त्रुटीसाठी परत पाठवला जातो, तेव्हा तो मुलाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो; घरी कुणी निरोप घेऊन येत नाही. नंबर घरचा द्या आणि दर आठवड्याला उघडून बघायला लावा. नावांचा घोळ त्याहून मोठा. आधारवर आजोबांचं नाव नथ्थू, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नथू; सातबाऱ्यावर आडनाव पाटील, शाळेत सोनवणे. हे दुरुस्त करायला निकालानंतरचे दिवस पुरत नाहीत, अकरावीच्या सुट्टीतच हात घाला. जात पडताळणीचंही तेच. उत्पन्नाच्या दाखल्याखाली मुदत छापलेली असते, ३१ मार्चची. साल कोणतं ते नीट वाचा. शेती थोडी असेल तर अल्पभूधारकाचा दाखला सोबत काढा. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला तो लागतो आणि ऐनवेळी तोच नसतो. बँकेचं म्हणाल, तर आधारशी शेवटी जे खातं जोडलेलं असेल त्यात पैसे जातात. ते पाचवीत काढलेलं, आता बंद पडलेलं खातं तर नाही ना, हे बँकेत जाऊन विचारा.

एक अवघड गोष्टही बोलून घेऊ. मर्यादेत बसावं म्हणून उत्पन्न कमी दाखवून आणणारे आपल्यात आहेत. पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवा. अठरा वर्षांच्या पोराच्या हातात आपण खोटा कागद देतो आणि वर त्याने प्रामाणिक राहावं म्हणतो. शिवाय बऱ्याचदा गरजच नसते. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाखांची आहे. केंद्राची एक योजना बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांसाठी आहे. तिला साडेचार लाखांची मर्यादा, आणि पदवीला वर्षाला १२ हजार मिळतात. तिचा अर्ज महाडीबीटीवर नसतो, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो. म्हणूनच कित्येकांना तिचा पत्ताच नसतो.

आणि घरात मुलगी असेल तर तिच्या आईशी दोन शब्द. 'भावाला इंजिनीअरिंग, हिला इथल्याच कॉलेजात बीए' हा निर्णय फीकडे बघून घेतला असेल, तर ताई, तो पुन्हा घ्या. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही, म्हणून एजंट काहीही सांगो, फेरीतूनच जा. मग उरतो खोली-जेवणाचा खर्च. त्यासाठी शासकीय वसतिगृहाचा अर्ज निराळा भरावा लागतो आणि प्रवेशाच्या धावपळीत तोच मागे राहतो. ज्या आठवड्यात जागा मिळेल, त्याच आठवड्यात तो भरून टाका.