'गरजू' कोणाला म्हणायचं? घर उभारणीतून मिळालेला एक धडा



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासातला 'निवारा' शिकवत होते. बोलता बोलता मी मुलांना विचारलं, "गरजू लोकांना घर बांधायला आपण कशी मदत करू शकतो?" भराभर हात वर झाले. पैसे देऊ, जुने कपडे देऊ, खाऊ देऊ. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी मात्र गप्प होती. एरवी तिचा हात सगळ्यात आधी वर असतो. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं, तर हळूच म्हणाली, "बाई, आमचं छप्पर उडालंय. म्हंजे आम्ही गरजू का?"

मला काही उत्तर सुचेना. आपण वर्गात 'आपण' आणि 'गरजू' असे दोन गट पाडतो आणि त्यातला दुसरा गट समोरच्याच बाकावर बसलेला असतो, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पाड्यावरचे दोन रविवार

आमच्या काशीगावात एका बाजूला हायवे आणि उंच इमारती, तर दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याचे आदिवासी पाडे आहेत. त्या मुलीचं घर अशाच एका पाड्यावर. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाले होते आणि कुडाची एक भिंत खचली होती. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या एकमेकींत गुंफून त्यावर शेणमातीचा लेप दिलेली भिंत.

आम्ही चार शिक्षक, सहा-सात पालक आणि एका पालकाच्या ओळखीचे मिस्त्री असे दोन रविवार तिथे गेलो. वर्गणी काढून पत्रे आणि बांबू आधीच नेले होते. उत्साह एवढा होता की, घरात अंधार आहे तर पश्चिमेला एक मोठी खिडकी ठेवू, असं आम्ही जाता जाता रस्त्यातच ठरवूनही टाकलं.

काम सुरू झालं. मुलीची आजी बाजूला बसून बघत होती. खिडकीची जागा मोकळी सोडलेली दिसली तशी ती उठून आली. "बाई, पाऊस तिकडनंच येतो. चूल भिजंल," एवढंच म्हणाली. आम्ही सगळे शिकले-सवरलेले, पण त्या घरात ती चाळीस पावसाळे राहिली होती. तिला विचारावं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. ती जागा पुन्हा गुंफून बंद केली. आजीने दाखवलेल्या बाजूला लहानशी खिडकी ठेवली.

त्यानंतर कामाचा रंगच बदलला. काठ्या कशा गुंफायच्या, ते आजी दाखवायला लागली. मातीत भाताचा तूस किती घालायचा, हे मुलीच्या आईने सांगितलं. मी मातीने भरलेलं घमेलं उचलायला गेले आणि दोन पावलांतच हाशहुश झालं. मिस्त्री हसून म्हणाले, "मॅडम, अर्धंच भरा, पण हात थांबवू नका." मग आम्ही रांग केली. या हातातून त्या हातात घमेली फिरू लागली. तासाभरात मातीचा ढीग संपला, तेव्हा सगळ्यांनी आपसूक टाळ्या वाजवल्या.

दुपारी आजीने बिनदुधाचा चहा केला. यांना खर्चात कशाला पाडायचं, म्हणून आम्ही "नको नको" करत होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "घ्या मॅडम. नाही घेतला तर ते फक्त घेणारे राहतील." तो चहा प्यायल्यावर कळलं, की श्रमदानात आनंद कुठून येतो. आपण दिलं, याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकतो. आपण एकमेकांचे झालो, याचा आनंद बरोबर घरी येतो.

किल्लारीने काय शिकवलं?

आमची खिडकीची चूक तशी लहान होती. पण हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते तेव्हा काय होतं? डी.एड.ला माझ्यासोबत औसा तालुक्यातली एक मैत्रीण होती. तिच्याकडून मी पहिल्यांदा किल्लारीबद्दल सविस्तर ऐकलं.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती, त्यात चुना-सिमेंटऐवजी माती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली.

देशभरातून मदत आली, स्वयंसेवक आले. पुढे दोन प्रकारे घरं उभी राहिली. सर्वाधिक हानी झालेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. तिथे पक्की घरं आणि रुंद सरळ रस्ते आले. डोक्यावर सुरक्षित छप्पर आलं, ही मोठीच गोष्ट. पण बऱ्याच गावांत शेत लांब गेलं, जुने शेजार तुटले, गल्लीतले ओटे गेले.

दुसरीकडे, कमी हानी झालेल्या गावांत लाखाहून अधिक घरं जागच्या जागी दुरुस्त झाली आणि त्या कामात घरमालक स्वतः सहभागी होते. गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून स्थानिक बायका नेमल्या गेल्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना तयार केलं. माळवदावरची माती कमी का करायची, दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड का बसवायचे, हे शिकून त्या घरोघरी समजावत. ज्यांना आपण 'भूकंपग्रस्त' म्हणत होतो, त्याच बायका गावाच्या शिक्षिका झाल्या!

आपल्याकडे हे होतंच

खरं तर ही रीत आपल्याला नवी नाही. शेताचं काम अडलं की इर्जिक घालायची. सगळ्यांनी येऊन काम उरकायचं आणि घरधन्याने जेवण घालायचं. कोकणात पावसाआधी घर शाकारायला शेजारीपाजारी येत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्याचं काम अडलं, त्याला कोणी गरजू म्हणत नसे, कारण उद्या पाळी आपली असते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. भिंतीचा प्रयोग : काड्यापेट्यांच्या दोन रांगा एकमेकींना चिकटून रचा आणि बाक हलवा. रांगा वेगळ्या होऊन पडतात. मग मधे मधे काही पेट्या आडव्या, दोन्ही रांगांवर येतील अशा ठेवा आणि पुन्हा हलवा. किल्लारीचे लांब दगड मुलांना लगेच समजतात.
2. मुलाखत : प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना विचारावं, "तुमचं घर बांधायला कोण कोण आलं होतं?"
3. प्रश्न बदला : "गरजूंना काय द्याल?" याऐवजी "तुमच्या घराला कोणाकोणाचे हात लागलेत? तुम्ही कोणाच्या कामाला जाल?" असं विचारा.
4. पालकांसाठी : श्रमदानाला जाल तेव्हा आधी घरातल्या माणसांना विचारा, मग साहित्य आणा. ओझी उचलणं मोठ्यांचं काम; मुलांनी पाणी द्यावं, बघावं, शिकावं. आणि त्या घरातल्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. तीच मुलं उद्या आपल्या मुलांच्या शेजारी बसणार आहेत.

दुसऱ्या रविवारनंतर मी वर्गात पुन्हा 'निवारा' घेतला. या वेळी विचारलं, "कुडाची भिंत कशी करतात, कोणाला माहीत आहे?" खिडकीजवळचा हात सगळ्यात आधी वर गेला. ती फळ्यापाशी आली, खडूने उभ्या-आडव्या काठ्या काढल्या आणि पश्चिमेला खिडकी का ठेवायची नाही, हेही तिने वर्गाला समजावलं. मी मात्र तिच्या जागेवर बसून वहीत उतरवून घेत होते.