जनावराच्या औषधपाण्याचा हिशेब : आजारानंतर नव्हे, आजाराआधी

बकऱ्या पाळणारे एक भाऊ मध्यंतरी आमच्याकडे आपली वही घेऊन आले. दिवसा यंत्रमागावर काम आणि अंगणात सहा बकऱ्या, असा त्यांचा संसार. बाजारातून आणलेली एक नवी बकरी त्यांनी त्याच दिवशी इतरांबरोबर दावणीला बांधली. चार-पाच दिवसांत तिला ताप आला, नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागले, मग हगवण सुरू झाली. शेजाऱ्याने सांगितलेली गोळी दोन दिवस दिली. तोवर आणखी तीन बकऱ्या आजारी पडल्या. मग डॉक्टरांना घरी बोलावले. येण्याची फी, सलाईन, इंजेक्शने असे करीत बिल एका बकरीच्या किमतीला भिडले आणि तरीही दोन बकऱ्या गेल्या. तिसरी थोडी सावरताच त्यांनी ती बाजारात नेऊन विकली. गिऱ्हाईकाला आजाराविषयी काही सांगितले नाही.

वही मिटून त्यांनी विचारले, "जनाब, डॉक्टर इतका महाग असेल तर गरिबाने जनावर पाळायचे की नाही?"

प्रश्न खरा आहे. आमच्या समाजात बकऱ्या-म्हशी पाळणारे, दुधाचा धंदा करणारे, बकरी ईदसाठी बोकड वाढवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी जनावर म्हणजे भांडवल. म्हणून हा प्रश्न आम्ही व्यापाराच्या अंगानेच तपासून पाहणार आहोत. त्या भावांच्या वहीत डॉक्टरांचे बिल होते, परंतु ते कोणत्या कारणाने वाढले याची नोंद नव्हती.

खर्च इतका का येतो?

गुरांचा डॉक्टर होण्यासाठी बारावीनंतर साडेपाच वर्षांचे शिक्षण लागते. माणसाचा डॉक्टर एका जागी बसून दिवसात पन्नास रोगी पाहू शकतो. गुरांच्या डॉक्टरला बहुधा रोग्याच्या दारी जावे लागते. जाण्या-येण्याचा वेळ आणि पेट्रोल एकाच जनावरावर पडते. रोगी बोलत नाही, त्यामुळे रक्त, लेंडी, दूध तपासावे लागते. औषध वजनावर ठरते. म्हणून म्हशीला लागणारे औषध माणसापेक्षा कितीतरी अधिक असते.

यातला मोठा भाग डॉक्टरांच्या हातात नाही. परंतु तीन गोष्टी आपल्या हातात आहेत : आपण डॉक्टरांना केव्हा बोलावतो, एकटे बोलावतो की मिळून, आणि आजार येण्याआधी काय करतो. त्या भावांचे बिल या तिन्ही ठिकाणी वाढले होते.

आजाराआधीचा खर्च

वर सांगितलेली लक्षणे पीपीआर या रोगात दिसतात. याला शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग म्हणतात. आपल्या देशात हा रोग १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळला. विषाणूचा रोग असल्याने त्यावर थेट औषध नाही, सलाईन आणि इंजेक्शने केवळ जनावराला टिकवून धरण्यासाठी असतात. परंतु त्यावर लस आहे, ती भारतातच तयार होते, आणि एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. म्हणजे ज्या रोगावर हजारो रुपये खर्चून जनावर वाचेल याची खात्री नाही, तो रोग एका सुईने टळतो.

बकऱ्या पाळणाऱ्याने पुढील गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात :

१. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर, पुढे दर तीन वर्षांनी.

२. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी. पहिल्यांदा देत असल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस.

३. घटसर्पाची लस, तीही पावसाळ्याआधी.

४. लाळ्या-खुरकुताची लस. या रोगासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशव्यापी मोफत लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला आहे. आपल्या भागात पथक केव्हा येते, याची चौकशी सरकारी दवाखान्यात करावी.

५. जंताचे औषध पावसाळ्याच्या तोंडी आणि पावसाळा सरल्यावर. शक्य असेल तर आधी लेंडी तपासून घ्यावी आणि वजनाच्या हिशेबाने मात्रा द्यावी. अंदाजाने कमी मात्रा दिली तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

६. नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याचे पाणी, चारा, भांडी वेगळी ठेवावी. यास पैसा लागत नाही, एक कोपरा आणि थोडा सब्र लागतो.

बकरी ईदच्या व्यापाऱ्यांसाठी हा सहावा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. देवनारसारख्या मोठ्या बाजारात अनेक राज्यांतले बोकड एकत्र येतात. प्रवासाने थकलेले जनावर लवकर रोग धरते. तिथे न विकला गेलेला बोकड परत आणून थेट घरच्या कळपात सोडणे म्हणजे बाजारातला रोग भाडे देऊन घरी आणणे होय.

वहीत मांडायचा हिशेब

आता आकड्यांत पाहू. आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हिशेब मांडावा.

समजा, एकाकडे आठ बकऱ्या आहेत आणि एकीची किंमत १२,००० रुपये आहे. भांडवल झाले ९६,००० रुपये. दर बकरीमागे महिन्याला ४० रुपये औषधपाण्यासाठी बाजूला काढले, तर वर्षाचे ३,८४० रुपये होतात. म्हणजे भांडवलाच्या शंभर रुपयांमागे चार रुपये. एक बकरी मेली तर १२,००० रुपये जातात. तीन वर्षे बाजूला काढलेली रक्कम ११,५२० रुपये होते. तात्पर्य, तीन वर्षांत एक जरी बकरी वाचली तरी सारा खर्च वसूल झाला.

वैरण आणि खुराक आपण खर्चात धरतो, औषधपाणी मात्र आपत्ती म्हणून सोडून देतो. इथेच चूक होते. बोकडाची विक्री-किंमत ठरवतानाच हा खर्च त्यात धरला पाहिजे.

दुसरे, मिळून बोलावणे. एका घरी एक बकरी पाहायला येण्याची फी ५०० रुपये धरली, तर ती सारी एकाच जनावरावर पडते. मोहल्ल्यातील दहा घरांनी मिळून ५० बकऱ्यांसाठी एकच दिवस ठरवला आणि डॉक्टरांना त्या दिवसाचे १,००० रुपये दिले, तरी बकरीमागे २० रुपये पडतात. डॉक्टरांचाही दिवस वाया जात नाही.

अशा दहा घरांनी एक लहानसा बिनव्याजी निधीही उभारावा. ५० बकऱ्यांमागे महिन्याला २० रुपये जमवले तर वर्षाला १२,००० रुपये होतात. ज्याच्या घरी आजार येईल त्याला त्यातून मदत किंवा कर्जे हसना मिळावे. मात्र सर्व व्यवहार लिहून ठेवावा. सूरह बकरहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि बिरादरीतले निधी बहुधा न लिहिण्यामुळेच बुडतात.

सरकारी सोयी आणि विमा

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असते. १९६२ या मोफत क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक मिळण्याची सोय आहे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८४ पासून आहे. एका दानशूर पारशी कुटुंबाने उभारलेल्या या संस्थेचा लाभ सर्वच समाज घेत आले आहेत. स्वस्त औषधांसाठी केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये पशु औषधी ही योजना मंजूर केली. म्हणून चिठ्ठी घेताना त्याच घटकाचे स्वस्त औषध चालेल काय, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

विम्याविषयी अनेकांचा गैरसमज आहे. सरकारी पशुधन विमा मुख्यतः जनावर दगावल्यास भरपाई देतो. आजारपणातील डॉक्टरांच्या बिलासाठी तो नसतो. २०२४ मध्ये केंद्राने पशुपालकाचा हप्त्यातील वाटा १५ टक्क्यांवर आणला. कानातला बिल्ला हीच विम्यातल्या जनावराची ओळख असल्याने तो पडला तर ताबडतोब कळवून नवा घालून घ्यावा. विम्याच्या शरई बाजूविषयी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा.

स्वस्त उपचार, महाग परिणाम

खर्च टाळण्यासाठी माणसांची औषधे जनावरांना दिली जातात. हे धोक्याचे आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांना देण्यावर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात. अँटिबायोटिक दोन दिवस देऊन बंद केल्यास रोग परततो आणि पुढच्या वेळी अधिक महाग औषध लागते.

दूधवाल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अँटिबायोटिक दिल्यानंतर ठराविक दिवस त्या जनावराचे दूध व मांस विकायचे नसते. ते दिवस औषधागणिक वेगळे असतात आणि डॉक्टरांना विचारून वहीत लिहायचे असतात. तसेच जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून काळे, न गोठणारे रक्त आले तर ते कापू नये, कातडेही सोलू नये. काळपुळीचा रोग असल्यास माणसाचाही जीव जाऊ शकतो. खाटीक आणि चामड्याचे काम करणाऱ्या बांधवांना हे विशेष करून सांगावेसे वाटते.

तिसऱ्या बकरीचे काय?

आता त्या भावांच्या तिसऱ्या बकरीकडे वळू. दोन बकऱ्या गेल्या हे त्यांच्या वहीत नुकसान म्हणून लिहिले होते. तिसरी मात्र "विकली, आले ७,०००" अशी जमेच्या बाजूला होती. आम्हाला मात्र तीच नोंद सर्वांत नुकसानीची वाटली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. विक्रेता व गिऱ्हाईक खरे बोलले आणि दोष उघड केला तर सौद्यात बरकत येते, लपवला तर बरकत जाते, हीही त्यांचीच शिकवण आहे. उघडपणे आजारी, लंगडे, काणे किंवा अगदी रोडावलेले जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपण जाणतोच. मग ज्याने विश्वासाने घेतले त्याच्या कुर्बानीचे काय? आणि ती बकरी घेणाऱ्याच्या दावणीला रोग लागला असेल तर त्याचे उत्तर कोण देणार?

जनावर मुके आहे. पोट पाठीला लागलेला उंट पाहून प्रेषितांनी (स.) या मुक्या प्राण्यांविषयी अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले होते. ज्या जनावरावर आपली रोजी आहे त्याचे औषधपाणी हा त्याचा आपल्यावरील हक्क आहे.

आम्ही त्या भावांना दोनच गोष्टी सुचवल्या. गिऱ्हाईकाचा पत्ता काढून त्याला खरे सांगावे आणि सौदा परत करण्याची तयारी दाखवावी. आणि नवी बकरी आणण्याआधी वहीत औषधपाण्याचे पान काढावे. गिऱ्हाईक त्यांच्या ओळखीतले निघाले. बकरी जिवंत होती, हजार रुपये परत देऊन सौदा कायम राहिला. हे हजार रुपये त्यांनी वहीत खर्चाच्या बाजूला लिहिले. आम्हाला विचाराल तर त्या वहीतली तेवढी एकच नोंद निखळ नफ्याची आहे.