शेजाऱ्याचे दुखणे
(अभ्यासासाठी उतारा : लूक 10 : 25–37)

वाटेत घायाळ पडलेल्या मनुष्याचे कूळ शोमरोनी मनुष्याने विचारले नाही. त्याच्या जखमा बांधल्या. जेथे वर्ण पाहून उपचार होतो तेथे काय घडते, हे आज आपण पाहू.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, 1932 साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 गरीब कृष्णवर्णी पुरुष निवडले. त्यांपैकी 399 जणांस उपदंश झाला होता. त्यांस रोगाचे खरे नाव न सांगता, तुमचे रक्त दूषित आहे, एवढेच सांगितले. फुकट तपासणी, जेवण व अंत्यविधीचा खर्च देऊ केला. परंतु रोग बरा न करिता तो वाढताना पाहावा, हाच डॉक्टरांचा हेतू होता. 1947 च्या सुमारास पेनिसिलिन हे गुणकारी औषध मिळू लागले, तरी ते त्यांस दिले नाही. कित्येक मेले; कित्येकांच्या बायकांसही रोग जडला. 1972 साली वर्तमानपत्रांनी हे उघडकीस आणिले, तेव्हा ते थांबले. 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. तथापि पुष्कळ कृष्णवर्णी लोकांच्या मनातून दवाखान्यावरील विश्वास उडाला होता, तो सहज परत आला नाही.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, कोणी रोगी दवाखान्याची पायरी चढण्यास भितो, तेव्हा धर्मशिक्षकाने त्यास अडाणी म्हणू नये. त्याच्याजवळ बसून, पूर्वी कोणी फसविले किंवा हिणविले काय, हे प्रेमाने विचारावे, व त्याजबरोबर दवाखान्यापर्यंत जावे.

विचार करा : आपल्या मंडळीत आजाऱ्याच्या घरी जाताना आपण कोणाचे दार टाळतो?