उपाहारगृहाला पंख कशासाठी?

छप्पर कशासाठी असते? ऊन-पाऊस अडविण्यासाठी, असे तुम्ही चटकन सांगाल. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रस्त्याकाठच्या अनेक उपाहारगृहांची छपरे विमानाच्या पंखांसारखी वर का उचललेली होती? त्यांच्या पाट्यांवर अग्निबाण आणि तारे का झळकत होते?

१९४९ मध्ये जॉन लॉटनर या वास्तुशिल्पज्ञाने लॉस एंजेलिस शहरात ‘गूगीज’ नावाचे कॉफीगृह उभारले. १९५२ मध्ये डग्लस हॅस्केल या संपादकाने अशा इमारतींच्या शैलीला थट्टेने ‘गूगी’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक सोडला गेला तो ४ ऑक्टोबर १९५७ रोजी. तेव्हा ही शैली स्पुटनिकमुळे जन्मली, असे म्हणता येत नाही. जेट विमाने व अग्निबाण यांचे आकर्षण लोकांना आधीपासूनच होते; स्पुटनिकने त्यात भर घातली.

परंतु अग्निबाणाइतकाच मोटारीचाही या आकारांशी संबंध आहे. थोडे गणित करू. समजा, मोटार ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाने जात आहे. पाटी वाचून थांबायचे ठरविण्यास चालकाला ३ सेकंद लागले, तर तेवढ्यात मोटार ५० मीटर पुढे जाईल. नंतर ब्रेक दाबल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटला, तर ती आणखी सुमारे ४६ मीटर जाऊन थांबेल. म्हणजे उपाहारगृह जवळजवळ १०० मीटर अंतरावरूनच नजरेत भरले पाहिजे! कौलारू बैठे घर इतक्या दुरून कोणाचे लक्ष वेधणार?

म्हणून छप्पर उंचावले, पाटी त्याहूनही वर गेली. छपराचा भार पोलादी खांबांनी पेलल्यामुळे भिंतींच्या जागी मोठमोठ्या काचा बसविता आल्या. रात्री आतला प्रकाश बाहेर दिसे व सारी इमारतच पाटीचे काम करी. पाटीच्या काचनळ्यांत कमी दाबाचा निऑन वायू असे. त्यातून विद्युत्‌प्रवाह गेला की तो नारिंगी-तांबडा प्रकाश देई.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. खरा स्पुटनिक म्हणजे ५८ सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल होता. निर्वातप्राय अवकाशात हवेचा विरोध जवळजवळ नसतो, त्यामुळे तेथे निमुळत्या आकाराची गरज नसते. जागेवरून न हलणाऱ्या इमारतीला तर ती मुळीच नाही. तो आकार उडण्यासाठी नव्हता, दिसण्यासाठी होता.

मूळचे ‘गूगीज’ १९८९ मध्ये पाडले गेले. डाउनी येथील १९५३ सालचे कमानींचे मॅक्डोनाल्ड्‌स उपाहारगृह मात्र जतन करण्यात आले.

आता तुम्हीच सांगा: ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीसाठी वरील अंतर किती होईल? ते दुप्पट होणार नाही, हे आकडेमोड करण्यापूर्वीच का सांगता येते?