क्रेडिट कार्डाची आरंभीची शिल्लक कशी नोंदवावी?



नवीन आर्थिक वर्ष सुरू झाले की बरेच जण घरखर्चाचा हिशोब टॅली, जीएनयूकॅश किंवा मोबाईल ॲपवर मांडायला घेतात. बँकेची शिल्लक टाकणे सोपे जाते. गाडी अडते ती क्रेडिट कार्डापाशी. अकरावीच्या पुस्तपालन व लेखाकर्म विषयातले आपण शिकवतो तेच तत्त्व इथे वापरायचे आहे.

मूळ मुद्दा

कार्डाची मर्यादा 60,000 रुपये आहे म्हणजे आपल्याकडे 60,000 रुपये आहेत असे नाही. कार्ड हे संपत्ती खाते नसून देयता खाते आहे. बँक आपली धनको, आपण ऋणको. म्हणून त्याची आरंभीची शिल्लक जमा बाजूला येते. ही शिल्लक म्हणजे हिशोब सुरू करण्याच्या आदल्या रात्रीपर्यंतचे एकूण देणे. बिलावर छापलेला आकडा आणि हे देणे बहुधा वेगळे असते, कारण बिलाची तारीख 31 मार्च असेलच असे नाही.

उदाहरण

नाहूरमधील एक कुटुंब 1 एप्रिल 2025 पासून हिशोब सुरू करते असे समजू.

- 18 मार्चच्या बिलाची एकूण रक्कम : 14,200
- 22 मार्च, किराणा : + 2,300
- 27 मार्च, मुलांची पुस्तके : + 1,850
- 28 मार्च, कार्डाचा भरणा : − 5,000
- 30 मार्च, परत केलेल्या वस्तूचे पैसे कार्डावर जमा : − 450
- 31 मार्च अखेर देणे : 12,900

बँकेत 46,000 आणि हातात रोख 3,100 असेल, तर संपत्ती झाली 49,100. त्यातून 12,900 वजा केले की घरचे खरे भांडवल 36,200. कार्ड नोंदवलेच नाही तर तेच भांडवल 49,100 दिसेल आणि जूनच्या शाळा खर्चाचे नियोजन त्या फुगलेल्या आकड्यावर होईल.

सॉफ्टवेअरमध्ये नोंद

टॅलीत कार्डाचे खाते चालू देयता गटात उघडून शिल्लक जमा बाजूला टाकावी. जीएनयूकॅशमध्ये खात्याचा प्रकार क्रेडिट कार्ड निवडावा. समोरची नोंद आरंभीच्या शिल्लक खात्यात जाते. काही ॲपमध्ये रक्कम उणे चिन्हाने टाकावी लागते. शंका असेल तर एक सोपी परीक्षा करा : नोंद केल्यावर एकूण भांडवल कमी झाले पाहिजे. वाढले तर चिन्ह उलटे पडले आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

1. आरंभीची शिल्लक खर्च म्हणून दाखवणे. तो किराणा मार्चचा आहे, एप्रिलच्या खर्चात तो येत नाही.
2. बिल भरले की पुन्हा खर्च लिहिणे. 5 एप्रिलला मागील बिलाचे उरलेले 9,200 भरले, तर ही फक्त बँक खात्यातून कार्ड खात्यात बदली. कार्डावर 3,700 उरतात. खर्च शून्य.
3. फक्त किमान देय रक्कम नोंदवणे. किमान रक्कम भरली म्हणून देणे संपत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज लागते, नवीन खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो. हे व्याज ज्या महिन्यात लागेल त्या महिन्याचा खर्च.
4. हप्त्यांवर घेतलेली वस्तू विसरणे. बिलात फक्त त्या महिन्याचा हप्ता दिसतो. बाकी राहिलेले मुद्दल वेगळे कर्ज खाते उघडून दाखवा.
5. 31 मार्चची खरेदी दोनदा धरणे. ती बँकेकडे दोन दिवसांनी चढली तरी खरेदीची तारीखच धरा. आरंभीच्या शिल्लकेत घेतली असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा लिहू नका.

ताळा

18 एप्रिलचे बिल आले की सॉफ्टवेअरमधली त्या दिवसाची शिल्लक बिलाशी जुळवून पाहा. फरक आला तर मार्चच्या शेवटच्या दोन आठवड्यांच्या नोंदी आधी तपासा.

स्वाध्याय

20 मार्चचे बिल 8,600. 25 मार्चला 1,400 ची खरेदी. 30 मार्चला 8,600 भरले. 1 एप्रिलची आरंभीची शिल्लक किती? मुलांना विचारून पाहा. "बिल पूर्ण भरलंय, म्हणजे शून्य," असे उत्तर बरेच जण देतील. बरोबर उत्तर : 1,400 रुपये, जमा बाजू.