दुकानातील दुसरा पडदा : तो न उजळल्यास काय पाहावे

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अंमलात आला, आणि ज्या पेढ्यांनी तोवर कीर्द-खतावणी लाल वहीतच चालविली होती त्यांच्याही गादीशेजारी संगणक येऊन बसला. पुढे अनेक दुकानांत त्याच्या जोडीला दुसरा पडदा आला. एका पडद्याचे तोंड मुनिमाकडे, दुसऱ्याचे गिऱ्हाइकाकडे. काट्यावर पोते चढले की त्याचे वजन, भाव, हमाली, तोलाई आणि एकूण रक्कम समोरच्या मनुष्यास आपल्या डोळ्यांनी दिसावी, हा त्यामागील हेतू. मापात कमीजास्त करणे हा अचौर्य अणुव्रताचा एक अतिचार मानला गेला आहे, हे आपल्या समाजातील मुलांनाही पाठशाळेत शिकविले जाते. सबब हा दुसरा पडदा आम्ही शोभेची वस्तू समजत नाही. तो अंधारा पडला म्हणजे गिऱ्हाइकास केवळ आपल्या शब्दावर विसंबावे लागते. आणि जुना गिऱ्हाईक विसंबला तरी नवा विसंबेलच असे नाही.

हा पडदा बंद पडण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. परंतु ती ठाऊक नसल्यामुळे हंगामाच्या ऐन गर्दीत दुकानाचा अर्धा दिवस फुकट जातो आणि दुरुस्तीवाल्यास नाहक पैसे मोजावे लागतात. एतदर्थ हा पाठ लिहिण्याचे आम्ही योजिले. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. परंतु माल कोठे अडला याचा माग काढणे हा तर आपला पिढीजात धंदाच होय, आणि येथेही तेच करावयाचे आहे. संगणक हा माल पाठविणारा, तार हा हुंडेकरी, आणि पडदा हा माल घेणारा. माल पोचला नाही तर आपण प्रथम घेणाऱ्यास विचारतो, मग हुंडेकऱ्यास, आणि शेवटी पाठविणाऱ्याच्या वखारीत जातो. हाच क्रम येथे ठेवावा. पुष्कळ जण उलट दिशेने निघतात व पहिल्याच झटक्यास संगणकाची पेटी उघडतात.

प्रथम पडदा. त्याच्या कडेस एक बारीक दिवा असतो. तो मुळीच लागत नसेल तर पडद्यास वीजच मिळत नाही. खटका, पट्टीची पिन व पडद्यामागे घातलेली वीजेची तार पाहावी. बहुतेक कंपन्यांच्या पडद्यांत हा दिवा चालू असताना निळा, पांढरा वा हिरवा असतो, आणि संकेत मिळत नसला म्हणजे नारिंगी होतो किंवा मिचमिचू लागतो. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटली तर ती वाईट बातमी समजू नये. आपण जिवंत आहोत, वाट पाहत आहोत, मात्र माल आला नाही, असे घेणाऱ्यानेच कळविले. आता त्याच्याकडे वेळ दवडण्याचे कारण उरले नाही. फक्त एवढे पाहावे की तो योग्य दारात वाट पाहत आहे ना. पडद्यास दोन-तीन मार्ग असतात: व्हीजीए, एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन. तार एका मार्गात आणि पडदा दुसऱ्या मार्गाकडे डोळे लावून बसलेला, असे वारंवार घडते. पडद्याच्या कडेवरील कळीने ‘इनपुट’ अथवा ‘सोर्स’ ही यादी आणून योग्य मार्ग निवडावा. घरचा जुना दूरदर्शन संच पडदा म्हणून दुकानात आणलेला असेल तर हे आधीच पाहावे.

याहून निराळा संदेश म्हणजे ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’. येथे माल पोचला आहे, परंतु तो घेणाऱ्याच्या वखारीत मावत नाही. मोठा पडदा काढून त्या जागी जुना लहान पडदा जोडला असता संगणक पूर्वीच्याच मापाचे चित्र पाठवीत राहतो. मुनिमाच्या पडद्यावरून सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात डिस्प्ले असे जाऊन दुसऱ्या पडद्याचे माप उतरवावे. १९२० गुणिले १०८० व सेकंदास ६० वेळा हे माप आजच्या बहुतेक पडद्यांस चालते. जुन्यास त्याहून लहान घ्यावे लागेल.

आता हुंडेकरी, म्हणजे तार. आमच्या समजुतीप्रमाणे धान्याच्या पेठेत अधिक दोष येथेच निघतात, आणि त्यास आपला मालच कारण आहे. पोती झाडताना उडणारी धूळ व कोंडा तारेच्या तोंडात जाऊन बसतो, बेळगावसारख्या गावी पावसाळ्यात त्यास दमट हवेची जोड मिळते, आणि जोड सैल नसूनही स्पर्श नीट होत नाही. संगणक व पडदा दोन्ही बंद करून तारेची दोन्ही टोके काढावीत, कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावीत व पुन्हा घट्ट बसवावीत. फुंकर मारू नये. फुंकरेत ओलावा असतो. दुसरा शत्रू उंदीर. (संगणकाच्या उंदराविषयी आम्ही बोलत नाही, तो बिचारा निरुपद्रवी आहे.) वखारीतील उंदीर रात्रीतून तार कुरतडून ठेवतो. त्यास विष घालणे आपल्या घरांतून होत नाही व होऊही नये. तार लोखंडी नळीतून नेली म्हणजे उंदीरही वाचतो आणि तारही वाचते.

तारांच्या जाती ओळखता आल्या तर निदान सोपे जाते. दोन्ही बाजूंस स्क्रू असलेली, बहुधा निळ्या तोंडाची ती व्हीजीए. ही १९८७ साली आली व तिच्यातून जाणारा संकेत सलग लहरींचा असतो. त्यामुळे ती बिघडली तरी चित्र थोडेबहुत दिसते, पण पुसट, हलणारे किंवा विचित्र रंगाचे. लाल, हिरवा व निळा यांस एकेक स्वतंत्र काडी असते. निळ्याची काडी वाकली वा तुटली की पांढरा पडदा पिवळट दिसू लागतो. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. या तोंडात पाच-पाचच्या तीन रांगांत पंधरा काड्यांची जागा असते, परंतु मधल्या रांगेतील एक काडी पुष्कळ तारांत मुळातच बसविलेली नसते. ती नाही म्हणून तार मोडली असे कोणी सांगून नवी गळ्यात मारू लागला तर जुनी तार आपल्याजवळ ठेवून अन्य संगणकावर पडताळावी.

चपटी, स्क्रू नसलेली, खालच्या बाजूस निमुळती ती एचडीएमआय. तिचे पहिले मानक २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. चित्र व आवाज दोन्ही ती आकड्यांच्या रूपाने नेते. म्हणून ती व्हीजीएप्रमाणे हळूहळू पुसट होत नाही. चालली तर उत्तम चालते. बिघडली तर ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात, चित्र येते-जाते किंवा सर्वच अंधार होतो. गादीपासून काट्यापर्यंत फार लांब तार ओढण्याचा मोह होतो. लांबी वाढेल तसा संकेत क्षीण होतो, हे ध्यानात ठेवून प्रथम हातभर तारेने पडदा लावून पाहावा. आखूड तारेने लागला तर दोष कोठे आहे हे निराळे सांगणे नको. डिस्प्लेपोर्ट ही तिसरी जात एचडीएमआयसारखीच दिसते, परंतु तिचा एकच कोपरा कापलेला असतो व काहींस दाबून सोडविण्याची कळ असते. ती ओढून काढू नये.

एका जातीच्या तोंडातून दुसऱ्या जातीत नेणारे लहान जोड बाजारात मिळतात. त्यांत दिशा असते, हे विकणारा क्वचितच सांगतो. एचडीएमआयच्या संगणकावरून व्हीजीएच्या पडद्यावर जाणारा जोड उलट दिशेने चालत नाही. त्याच्या पोटात आकड्यांचे लहरींत रूपांतर करणारे यंत्र असते. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणाऱ्या तारेचीही बहुधा तीच गोष्ट. मुलांच्या नव्या लॅपटॉपवरील यूएसबी-सी या लंबगोल तोंडाचे तर अधिकच फसवे. तोंड दिसण्यात एकच, परंतु सर्वांतून चित्र जात नाही. आणि तोंडातून जात असले तरी भ्रमणध्वनी भारित करण्याच्या साध्या तारेतून जाईलच असे नाही. तोंडाजवळ डिस्प्लेपोर्टचे चिन्ह वा विजेच्या बाणाचे चिन्ह असल्यास चित्र जाते असे समजावे.

येथवर सर्व ठीक असेल तर पाठविणाऱ्याकडे यावे. विंडोज चालणाऱ्या संगणकावर खिडकीचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून पी दाबावा. चार पर्याय दिसतात: केवळ संगणकाचा पडदा, नक्कल, विस्तार, आणि केवळ दुसरा पडदा. लॅपटॉप हाताळताना कोणी पहिला पर्याय निवडून ठेवला असेल तर तार व पडदा कितीही तपासला तरी उजेड पडणार नाही. डिस्प्लेच्या पानावर ‘डिटेक्ट’ अशी कळ असते, तीही दाबून पाहावी. खिडकीची कळ, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्या असता चित्र पाठविणारी व्यवस्था नव्याने सुरू होते. पडदा क्षणभर लुकलुकतो व बहुधा आवाज होतो. चालू काम जात नाही, म्हणून हा उपाय निर्धास्त करावा.

या चार पर्यायांपैकी आपल्या दुकानास कोणता योग्य, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ‘नक्कल’ ठेवल्यास मुनिमाच्या पडद्यावरील सर्व काही गिऱ्हाइकास दिसते. कोणाची उधारी किती थकली, कोणास कोणता भाव दिला, हे तिसऱ्या मनुष्यास दिसणे ही त्या खातेदाराची मानखंडना होय. म्हणून ‘विस्तार’ ठेवावा आणि बिलाची चौकट तेवढी पलीकडे सरकवावी. मात्र विस्तारात पडदा लागूनही त्यावर रिकामे रंगीत चित्रच दिसते, आणि पुष्कळ जण तो बिघडला असे मानतात. खिडकीची कळ व शिफ्ट दाबून उजवा वा डावा बाण दाबला की समोरची चौकट दुसऱ्या पडद्यावर जाते. पडदा काढून नेल्यावर बिलाची चौकट नाहीशी झाली असे वाटल्यास याच कळांनी ती परत येते.

राहिली पेटीची मागील बाजू. आमच्या परिचयाच्या एका पेढीवर दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी साफसफाई झाली. नोकराने सर्व तारा काढून पेटी पुसली व तारा पुन्हा लावल्या. पडदा उजळेना. बोलाविलेल्या दुरुस्तीवाल्याने चित्राचे कार्ड जळाले असे सांगून नव्याचा अंदाज दिला. शेजारच्या दुकानातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने पेटी फिरवून पाहिली. वरच्या भागात उभे एक एचडीएमआयचे तोंड होते व खाली, आडव्या पट्टीवर, तसेच दुसरे. ज्या संगणकात चित्राचे वेगळे कार्ड बसविलेले असते त्यात बहुधा वरचे तोंड निकामी असते. तार खालच्या, कार्डाच्या तोंडात घालावी लागते. तिने तार खाली घातली आणि पडदा उजळला. मुहूर्तापूर्वी तासभर अवकाश होता.

दोन्ही पडदे अंधारे असतील तर संगणक मुळात चालू आहे काय हे कॅप्स लॉकच्या कळीने कळते. ती दाबली असता दिवा लागतो-विझतो, तर संगणक जागा आहे व वाट चित्राचीच अडली आहे. दिवा जागचा हलत नसेल तर संगणक बंद करून वीजेची तार काढावी, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी आणि मग पुन्हा वीज द्यावी. त्यानेही न भागल्यास आत धूळ बसून स्मृतीची पट्टी सैल झाल्याची शक्यता असते. ते काम जाणकाराकडून करवावे. त्यास दूरध्वनी करताना पडद्यावरील संदेशाची अक्षरे जशीच्या तशी सांगावीत, दिव्याचा रंग सांगावा, दुसऱ्या तारेने व दुसऱ्या पडद्यावर काय झाले ते सांगावे. एवढे ऐकल्यावर तो बहुधा येताना योग्य वस्तूच घेऊन येतो. एक हातभर लांबीची, चालत असल्याची खात्री केलेली एचडीएमआय तार गादीच्या खणात निराळी ठेवावी, आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामास काढू नये असे दुकानातील सर्वांस बजावून ठेवावे.