शाळेचे बंद दार

अमेरिकेत फ्लॉरिडा नावाचे राज्य आहे. तेथे १९११ साली जॉन ओनील यांचा जन्म झाला. लोक त्यांना बक म्हणत. बकचे आजोबा गुलाम होते. गुलामगिरी गेली, पण काळे-गोरे हा भेद काही गेला नव्हता.

बकचे वडील सारासोटा गावी भाजीच्या मळ्यात कामाला होते. पोरगा बकही तेथे पेट्या वाही. ऊन मी मी म्हणत असे. एक दिवस तो वैतागून म्हणाला की, याहून बरं काही जगात असलंच पाहिजे. वडिलांनी ते ऐकलं. आहे, पण ते इथं मिळायचं नाही, त्यासाठी बाहेर पडावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

बकला शिकायचे होते. गावात हायस्कूल होते, पण ते फक्त गोऱ्या मुलांचे. मग तो जॅक्सनव्हिल शहरी गेला. तेथे काळ्या मुलांसाठी कॉलेज होते. त्यात तो शिकला आणि बेसबॉलही खेळला.

बेसबॉल हा चेंडूफळीसारखाच खेळ. चेंडू टोलवला की खेळाडू पहिल्या ठाण्याकडे धावतो. त्याच्याआधी चेंडू तेथे पोचला, तर तो बाद. त्या ठाण्यावर चेंडू झेलायला बक उभा राही.

पण मोठे संघ काळ्यांना घेत नसत. म्हणून काळ्यांनी आपले वेगळे संघ काढले. त्यांच्या सामन्यांना निग्रो लीग म्हणत. १९३८ साली बक कॅन्सस सिटीच्या मोनार्क्स संघात आला.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या मोठ्या संघात उतरला. तोही पूर्वी मोनार्क्समध्येच खेळलेला. तेव्हा बक ३५ वर्षांचे होते. त्यांचे खेळायचे दिवस सरत आले होते. पण ते कुढत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी ते मोनार्क्सचे व्यवस्थापक झाले. त्यांनी तरुण पोरे तयार केली. १९६२ साली शिकागोच्या कब्ज संघाने त्यांना प्रशिक्षक नेमले. मोठ्या संघांतले ते पहिले काळे प्रशिक्षक.

१९९५ साली सारासोटाच्या त्याच हायस्कूलने त्यांना मानाचे प्रमाणपत्र दिले. तेव्हा बक ८३ वर्षांचे होते. २००६ साली ते वारले. थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात त्यांचे नाव २०२२ साली लागले.

दार उघडायला फार उशीर झाला. पण बक दाराशी बसून राहिले नाहीत. ते शिकले आणि दुसऱ्यांना शिकवत गेले.

सांगा पाहू :
१. बकला गावच्या हायस्कुलात का जाता आले नाही?
२. वडिलांनी बकला काय सांगितले?
३. तुमच्या गावात कोणाला असे दार बंद होते का? आपसात बोला.